टोपीचे कडवे पुन्हा म्हणाल का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

‘मी चौतीस वर्षांचा असून एका सहकारी बँकेत नोकरी करतो. शाळेत असताना सहा वर्षे हार्मोनियम शिकलो आणि गेली काही वर्षे कवितांना चाली लावतो. दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. त्यांच्यावर मी स्वतःच एक गीत लिहिले, शिवरंजनी रागात चाल बांधली, घरच्या कीबोर्डवर व्हायोलिनचा मेळ आणि बासरी घालून ट्रॅक तयार केला आणि गेल्या महिन्यात आमच्या गावातील वाचनालयाच्या कार्यक्रमात ते गीत सादर केले. ध्रुवपद असे आहे: “तुमच्याविना हे घर सुने, बाबा, डोळ्यांत दाटे पाणी”. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गळा गोड आहे असे सांगितले, पण कोणी हलले नाही. एका गृहस्थांनी तेवढे “ते टोपीचे कडवे पुन्हा म्हणाल का?” असे विचारले, पण वेळ संपली होती. माझ्यानंतर सत्तरीच्या एका आजींनी जात्यावरच्या चार ओव्या म्हटल्या. साथीला काही नव्हते, आवाजही थकलेला होता, तरी अनेकींचे पदर डोळ्यांना लागले. माझे दुःख खरे होते आणि सूरही चुकले नव्हते. मग चुकले कुठे? कोणता राग घ्यावा, कोणती वाद्ये घ्यावीत, म्हणजे ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालता येईल? शब्द आणि रेकॉर्डिंग सोबत पाठवत आहे.’

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे रेकॉर्डिंग मी तीन वेळा ऐकले आणि त्यानंतर पत्र पुन्हा वाचले. तुम्ही राग आणि वाद्यांविषयी विचारले आहे, परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रातील एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेला आहात. सभागृहातील एका माणसाला टोपीचे कडवे पुन्हा ऐकायचे होते. त्या गृहस्थांना तुमचा राग ओळखता आला असेल किंवा नसेल, पण सबंध गीतात कोणती जागा जिवंत आहे हे त्यांनी बिनचूक ओळखले.

ते कडवे असे आहे: ‘खुंटीवरची टोपी अजून, आई रोज झटकून ठेवते’. उरलेल्या तीन कडव्यांत सुने अंगण, मुकी भिंत, आटलेले डोळे आणि रित्या ओंजळी आहेत. या गोष्टी कोणाच्याही वडिलांविषयी लिहिता येतात आणि त्या आजवर पुष्कळांनी लिहिल्या आहेत. टोपी मात्र तुमच्या वडिलांचीच आहे. ती रोज झटकणारी बाई काय समजून ती झटकते, सवयीने की आशेने, हे तुम्ही सांगितलेले नाही, आणि न सांगितल्यामुळेच ऐकणारा ते मनाशी ठरवू लागतो. त्याच्या घरातली एखादी काठी, एखादा चष्म्याचा डबा त्या खुंटीवर येऊन बसतो. दुःखाला हेच हवे असते.

आपल्या परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. नाट्यशास्त्रकार भरतमुनीच्या रससूत्रानुसार विभाव (भाव जागवणारी वस्तू किंवा प्रसंग), अनुभाव (भाव बाहेर दाखवणारी कृती) आणि व्यभिचारी भाव (येऊन जाणारे क्षणिक भाव) यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, आणि काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसाचे किंवा त्याच्या मुळाशी असलेल्या स्थायी भावाचे (शोकासारख्या) थेट नाव घेऊन तो सांगणे हा चक्क दोष म्हणून नोंदवला आहे. टोपी हा तुमचा विभाव आणि आईचे झटकणे हा अनुभाव. एवढ्या दोन गोष्टी योग्य जागी ठेवल्या असत्या तर शोक आपोआप उभा राहिला असता. त्याऐवजी ‘डोळ्यांत दाटे पाणी’ असे तुम्ही ध्रुवपदातच सांगून टाकले, आणि ध्रुवपद पाच वेळा आले. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले आहे ते ऐकणाऱ्याला पाच वेळा कळले, त्यामुळे त्याच्या वाट्याला काही काम उरले नाही.

हा झाला शब्दांचा भाग. तुम्ही मात्र संगीतकार म्हणून विचारले आहे, तेव्हा चालीकडे वळते. चालीत त्या एका कडव्यावर तीन अन्याय झाले आहेत.

पहिला अन्याय असा की चारही कडव्यांना एकच चाल आहे. भावगीतात सगळे अंतरे एका चालीत बांधणे हा काही गुन्हा नव्हे, उत्तमोत्तम गीते तशी बांधलेली आहेत. परंतु तिथे कवितेची सगळी कडवी एकाच तोलाची असतात. तुमच्या कवितेत तीन कडवी एका जातीची आणि एक अगदी वेगळ्या जातीचे आहे, आणि तुम्ही चौघांना एकाच मापाचा अंगरखा शिवला.

दुसरा अन्याय ‘झटकून’ या शब्दावर झाला. ‘झ’वर तुम्ही सहा-सात स्वरांची हरकत, म्हणजे झरझर वळण, घेतली आहे. ती गळ्यातून सफाईने निघाली आहे हे मान्य, पण ‘झ’ ऱ्हस्व आहे, तो ताणला की ‘झाऽऽटकून’ असे काहीतरी ऐकू येते आणि टोपी हातातून निसटते. ‘झटकून’ हा क्रियेचा शब्द आहे, दोन हिसक्यांत संपणारा. आई टोपी झटकते ती हरकत घेऊन झटकत नसणार. याउलट ‘अजून’मधला ‘जू’ दीर्घ आहे आणि बोलतानाही आपण तिथेच रेंगाळतो, कारण ‘अजून’ या शब्दात वाट पाहणे भरलेले आहे. तुम्ही नेमका तोच शब्द घाईने टाकून दिला, कारण तिथे बासरीला प्रवेश करायचा होता.

यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाने पुस्तक लिहिले आणि तो शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ झाला, पण पुष्कळ विद्यार्थी त्याचा अर्थ स्पष्ट उच्चार एवढाच घेतात. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा खरा कस चाल बांधतानाच लागतो. चाल सुचण्याआधी ओळ दहा वेळा मोठ्याने बोलावी, एकदा आईला सांगितल्यासारखी, एकदा वडिलांच्या मित्राला सांगितल्यासारखी, एकदा स्वतःशी पुटपुटल्यासारखी, आणि प्रत्येक वेळी आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, कुठे थांबतो ते कान देऊन ऐकावे. बोलण्यातल्या या चढउताराला ‘काकु’ हा जुना शब्द आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने काकूचे सहा प्रकार गायनवादनाच्या संदर्भात सांगितले आहेत. त्याच्याही पूर्वी भरताने नाट्यातील पाठासाठी दोन प्रकार सांगितले होते: साकांक्ष, म्हणजे ज्यात अजून काही ऐकायचे उरले आहे असे वाटते ती, आणि निराकांक्ष, म्हणजे जिथे बोलणे पुरते संपते ती. चाल लावणाऱ्याने या दोन शब्दांवर सहा महिने घालवले तरी ते वाया जाणार नाहीत.

तिसरा अन्याय याच संदर्भात येतो. ‘ठेवते’ या शब्दावर तुम्ही षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, येऊन थांबला आहात. षड्ज हे घर आहे, तिथे आलो की वाक्य मिटते. पण आई टोपी ठेवते ती उद्या पुन्हा झटकण्यासाठी, तेव्हा ते वाक्य मिटलेले असूच शकत नाही. ते ऋषभावर, म्हणजे ‘रे’वर, सोडून पाहा. शिवरंजनीत ऋषभ आहेच, आणि त्या ऋषभावर ‘ते’ हे अक्षर कसलीही सजावट न करता, आवाज हळूहळू कमी करत विझू द्या. त्यानंतर एक आवर्तन, म्हणजे केरवा तालाच्या आठ मात्रा, काहीही गाऊ नका आणि वाजवू नका. तानपुरा तेवढा चालू राहील आणि त्यात षड्ज सतत वाजत असेल. ऐकणाऱ्याला तो ऐकू येत राहील, पण तुम्ही तिथे गेलेला नसाल.

या न जाण्यात फार मोठी ताकद आहे. मारवा राग ऐकताना जी अस्वस्थता वाटते तिचे एक कारण हेच आहे. त्यात पंचम (‘प’) वर्ज्य आहे, कोमल ऋषभ आणि धैवत (‘ध’) यांच्यावर गायक पुनःपुन्हा येतो आणि षड्जाला मुद्दाम टाळत राहतो. इतका वेळ टाळल्यावर तो कधीतरी लागतो तेव्हा श्रोत्यांतून नकळत सुस्कारा निघतो. पश्चिमेकडील अभ्यासकांनाही आपल्या परीने असेच काहीसे आढळले आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८३ श्रोत्यांना, संगीतातील नेमक्या कोणत्या जागी डोळ्यांत पाणी येते किंवा अंगावर काटा येतो, ते विचारले होते. डोळे भरून येण्याच्या जागांमध्ये असे स्वर वारंवार आढळले की जे मूळ स्वराच्या शेजारी रेलून उभे राहतात आणि क्षणभर ताटकळवून मगच त्यावर उतरतात. ते मुख्यतः पाश्चात्त्य संगीत होते, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या गाण्याला लावू नयेत, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि कणस्वर (मुख्य स्वराला निसटता लागणारा शेजारचा स्वर) यांवर वाढलेल्या आपल्या कानांना ही गोष्ट परकी वाटू नये. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की, आवडत्या संगीतातील उत्कट क्षण येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन हे आनंदाशी निगडित रसायन स्रवतेच, परंतु तो क्षण येणार आहे अशी चाहूल लागते तेव्हाही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते स्रवते. चाहूल लागायला वेळ द्यावा लागतो. तुमचे गीत चार मिनिटांचे आहे आणि त्यात एकही क्षण असा नाही की जेव्हा काहीच वाजत नाही.

पंचविसेक वर्षांपूर्वी मीही एका स्मृतिसंध्येत याच प्रकारे गायले होते. जागा मिळेल तिथे आलाप, आलाप संपेल तिथे सारंगी. कार्यक्रमानंतर साथीला बसलेले वयस्कर तबलजी पान लावता लावता म्हणाले, ‘बाई, तुमच्या गाण्यात मला हात उचलायला जागाच मिळत नाही.’ मला आधी राग आला, कारण मला वाटले ते स्वतःला लग्गी, म्हणजे तबल्यावरचे जलद वादन, वाजवायला मिळाली नाही म्हणून तक्रार करत आहेत. त्यांना थांबायला जागा हवी होती, हे कळायला मला पुढची काही वर्षे लागली.

आता रागाविषयी. शिवरंजनी म्हणजे भूप रागाचा गंधार (‘ग’) कोमल केला की होणारा पाच स्वरांचा राग, आणि चित्रपटसंगीताने तो विरहासाठी आणि मरणासाठी इतका वापरला आहे की पहिल्या चार स्वरांतच श्रोता ‘हं, दुःखाचे गाणे’ असे मनाशी म्हणून निवांत बसतो. राग वाईट नाही, त्याच्यावर पाटी फार ठळक लागली आहे एवढेच. उलट उदाहरण घ्यायचे तर ‘गीतरामायणा’चे घेते. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली असलेली ही ५६ गीते १९५५ पासून आठवड्याला एक याप्रमाणे पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. त्यात वडिलांच्या मृत्यूने आणि भावाच्या वनवासाने मोडून गेलेल्या भरताला राम समजावतो तो प्रसंग आहे. तिथे करुण म्हणून ओळखले जाणारे कितीतरी राग हाताशी असताना बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, यमन कल्याण घेतला, आणि यमन तर आपण नवशिक्याला पहिल्या वर्षी शिकवतो. हे साधते कसे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या गीतात बोलणारा राम रडत नाही, तो धीर देतो आहे. ज्याचे स्वतःचे वडील गेले आहेत तो माणूस दुसऱ्याला शांत आवाजात समजावतो, आणि ती शांतता टिकवून धरायला यमनाचा गंभीर, उजळ विस्तार उपयोगी पडतो. दुःख प्रसंगात आहे, आवाजात नाही. ऐकणाऱ्याला दोहोंमधले अंतर जाणवते आणि गलबलून येते ते त्या अंतरामुळे. तेव्हा कोणता राग घ्यावा याआधी हे गीत कोण बोलतो आहे, कोणाशी आणि कोणत्या स्थितीत बोलतो आहे, हे ठरवा. तुमच्या गीतात मुलगा बाबांशी बोलतो आहे. बाबांशी तुम्ही एरवी कसे बोलत होता? पत्रावरून तरी वाटते की तुमच्या घरात मोजकेच बोलले जात असावे. मग बाबा गेल्यावर तुम्ही त्यांच्याशी तार सप्तकात, इतक्या उंच स्वरांत, का बोलू लागलात?

आजींच्या ओव्यांचे रहस्यही मला यातच दिसते. ओवीची चाल बहुधा तीन-चार स्वरांतच फिरते, कारण हाताने जाते ओढत असताना उंच स्वर लावायला दम उरत नाही. ओळ दळणाच्या लयीने येते, संपते, जाते फिरत राहते आणि मग दुसरी ओळ येते. त्या रिकाम्या फेऱ्यांत पहिली ओळ ऐकणारीच्या मनात मुरते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्या चाळल्या तर असे दिसते की बाईने आपले दुःख क्वचितच नाव घेऊन सांगितले आहे. ती भावाच्या वाटेविषयी, आईच्या अंगणाविषयी, विठ्ठलाविषयी बोलते आणि बहुतेक वेळा कोणाला तरी उद्देशून बोलते. आजींनी त्या सभागृहात काहीही सादर केले नाही. त्या जे चाळीस-पन्नास वर्षे म्हणत आल्या तेच त्यांनी म्हटले, आणि लोकांना ते आपल्या कानावर चुकून पडल्यासारखे वाटले. हे तुम्हाला किंवा मला उसने घेता येणार नाही. ओवीची चाल उचलून तिच्याखाली व्हायोलिन घालण्याचा मोह झाला तर तो आवरा. रिकामी फेरी मात्र जरूर घ्या.

कीबोर्डविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. सप्तकाचे १२०० सेंट असे सूक्ष्म भाग कल्पिले तर कीबोर्डचा कोमल गंधार ३०० सेंटांवर बसवलेला असतो, तर षड्जाशी नैसर्गिकपणे जुळणारा कोमल गंधार ३१६ च्या आसपास येतो. शुद्ध गंधाराचे उलटे आहे, कीबोर्डवर ४०० आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा, ज्याला आपण स्वयंभू म्हणतो तो, ३८६. फरक लहान आहे, पण तुमच्या चालीचा सगळा भार त्या कोमल गंधारावर आहे आणि तो गंधार प्रत्येक वेळी खिळ्यासारखा एकाच ठिकाणी ठोकलेला ऐकू येतो. त्याहून मोठी अडचण अशी की कीबोर्डवर बांधलेली चाल पायऱ्यांची होते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला जो उतार असतो तो बोटांना सापडत नाही, म्हणून चालीतही येत नाही. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर वापरल्याचे कानाला जाणवते. ध्रुवपदात ‘बाबा’ म्हणताना तुमचा आवाज मुळात थोडा घसरला असावा आणि तो घसरलेला तुकडा त्या सॉफ्टवेअरने इस्त्री करून सरळ केला असावा, असा माझा दाट संशय आहे. मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवले असेल तर ते काढून ऐका. बेसूर गावे असे मी म्हणत नाही, पण सुरापर्यंत पोहोचण्याची धडपड पुसून टाकली की गळा कोणाचा हे कळेनासे होते.

म्हणून पुढचा महिनाभर कीबोर्ड झाकून ठेवा आणि तानपुऱ्यावर, मोबाइलमधला असला तरी चालेल, केवळ गळ्याने चाल पुन्हा बांधा. ध्रुवपदातील ‘डोळ्यांत दाटे पाणी’ काढून टाका आणि ‘तुमच्याविना हे घर सुने, बाबा’ एवढेच ठेवून पाहा. तेही मला फारसे आवडलेले नाही, पण ‘बाबा’ ही हाक त्यात आहे आणि ती हवी. पहिली दोन कडवी एका चालीत राहू द्या. टोपीच्या कडव्याला ठेका थांबवा आणि ते षड्ज ते पंचम एवढ्याच टापूत, बोलल्यासारखे, एकदाच म्हणा. टोपीची ओळ चांगली आहे म्हणून तिलाच ध्रुवपद करण्याचा विचार तुमच्या मनात येईल, पण तो करू नका. पाच वेळा झटकली तर टोपीवर काही उरणार नाही. त्या गृहस्थांना ती पुन्हा ऐकावीशी वाटली, कारण ती एकदाच येऊन गेली होती. चौथे कडवे, मुक्या भिंतीचे, गाळले तर गीताचे काही बिघडणार नाही, असे मला वाटते. ते गाळायचे की नाही हे मात्र तुम्ही गाऊन ठरवा.

वाद्यांत एखादे व्हायोलिन ठेवायचेच असेल तर ते माणसाकडून वाजवून घ्या आणि पहिल्या कडव्यानंतरच त्याला येऊ द्या. ट्रॅकला घातलेला मोठ्या सभागृहाचा घुमारा कमी करा. टोपी घरातल्या खुंटीवर आहे आणि तुमचा आवाज देवळाच्या गाभाऱ्यातून येतो आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नातच खटकते. लोक हलले की नाही हे तुम्ही पदर डोळ्यांना लागले की नाही यावरून मोजत आहात. पुष्कळ माणसे हलतात तेव्हा रडत नाहीत, ती गप्प होतात, घड्याळ बघायचे विसरतात, किंवा कार्यक्रम संपल्यावर काही न बोलता पायऱ्या उतरून जातात. काहींना एखादे गाणे त्या रात्री काहीच वाटत नाही आणि आठ दिवसांनी भाजी निवडताना त्यातली ओळ आठवते. प्रत्येकाच्या घरी कोणती खुंटी आहे हे तुम्हाला ठाऊक नसते आणि ते तुमच्या हातातही नसते. तुमच्या हातात ऋषभ, आठ मात्रा आणि ‘अजून’मधला ‘जू’ एवढेच आहे.

नवी चाल झाली की ती आधी सभागृहात न्यायची घाई करू नका. एखाद्या संध्याकाळी आईला ऐकवा, साथीशिवाय, समोर बसून. गाण्याविषयी त्यांचे मत विचारू नका. टोपीविषयी त्या काही बोलल्या तर ते शब्द लिहून ठेवा, चौथ्या कडव्याची जागा रिकामी आहे. आणि जमल्यास ते घरातले रेकॉर्डिंगच मला पाठवा, मागे कुकरची शिट्टी वाजली तरी हरकत नाही.

आपली,
सदरलेखिका